डब्यातली कडक भाकरी

शनिवार, विमानात

मुंबईहून निघताना जेवण नीट आलं. ट्रेवर माझा सीट नंबर आणि 'जीएफएमएल' ही चार अक्षरं, म्हणजे ग्लुटेनविरहित जेवण. मधे विमान बदललं आणि दुसऱ्या विमानात माझं जेवण चढलंच नव्हतं. तिकीट काढतानाच नोंदवलेलं, निघायच्या आधी दोनदा फोन करून खात्री केलेली, तरीसुद्धा. विमानातली मुलगी मनापासून ओशाळली. नेहमीचा ट्रे देते, त्यातला पाव आणि पास्ता काढून टाकते, म्हणाली. मी नको म्हटलं. पावाचा चुरा पडलेल्या ट्रेमधली काकडीसुद्धा मला चालत नाही, हे पहाटे तीन वाजता समजावून सांगायचं त्राण अंगात नव्हतं.

आईनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. स्टीलचा डबा. त्यात चतकोर चतकोर केलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी. सोलापूरहून निघताना मी तिच्याशी वाद घातला होता, इटलीला भाकरी कशाला न्यायची म्हणून. मालदांडी ज्वारीच्या पिठाची भाकरी ती पातळ थापते, भाजून झाली की चांगली वाळवते. मग ती आठवडाच्या आठवडा टिकते.

"खा," म्हणाली. मी दोन तुकडे मोडल्यावर हळूच विचारलं, "पण काय गं, पाव बाजूला काढला असता तर नसतं का चाललं?"

सहा वर्षं झाली सीलिअॅक निघून. गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला बाधतं, तो हा आजार. आई अजून हाच प्रश्न विचारते. प्रेमात ती कुठेच कमी नाही. फक्त तिला पटत नाही की जे अन्न तिनं मला हातानं भरवलं, त्या अन्नाचा एक कण मला बाधतो.

रविवार, रोम

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचंय.

इथल्या सीलिअॅक संघटनेच्या यादीतली एक खानावळ आधीच शोधून ठेवली होती. गल्लीतली, साधी, कागदी टेबलक्लॉथ. वेटर साठीचा असेल. वाक्य घोकून आले होते, ते म्हटलं: "सोनो चेलीआका." मला सीलिअॅक आहे. पुढचं सगळं समजावणंही तयार होतं. गहू, जव, राय, वेगळं भांडं, वेगळा चमचा. फोनवर इटालियनमध्ये लिहिलेलं कार्डही काढून ठेवलं होतं.

त्यानं एवढंच विचारलं, "दोघी, की तुम्ही एकट्याच?"

मी एकटीच, म्हटलं. त्यानं मान हलवली. टेबलाच्या मधोमध असलेली पावाची टोपली उचलून आईच्या पलीकडे ठेवली, माझ्यापुढचा कागद बदलला आणि मेनूतल्या कुठल्या पदार्थांना माझ्यासाठी वेगळं पाणी उकळतील ते बोटानं दाखवलं. पास्ता ज्या पाण्यात शिजतो त्यात गव्हाचा स्टार्च उतरलेला असतो. त्याच पातेल्यात, त्याच चाळणीत माझा मक्या-तांदळाचा पास्ता घातला तर त्याला काही अर्थ उरत नाही. घरी हे मी प्रत्येकाला सांगत आले. इथे ते मला कोणीतरी सांगत होतं.

टोमॅटो आणि तुळशीचा पास्ता आला. ताटली ठेवताना तो म्हणाला, "सेंत्सा ग्लूतिने." म्हणजे ग्लुटेनविरहित. आईची ताटली त्यानं दुसऱ्या फेरीत आणली, दोन्ही एका हातात धरल्या नाहीत. आईनं ते पाहिलं. मी पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. सहा वर्षांत बाहेरच्या जेवणाचा एकही घास मी मनात हिशेब न करता गिळला नव्हता.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "याला कसं माहीत?"

हॉटेलवर परतल्यावर तिला सांगत बसले. 1979 मध्ये इथल्या सीलिअॅक मुलांच्या आईबापांनी मिळून ही संघटना उभी केली. ती खानावळींच्या लोकांना शिकवते, तपासते आणि मगच यादीत घेते. 2005 मध्ये 123 क्रमांकाचा कायदा झाला. शाळेत, दवाखान्यात, सरकारी खानावळीत ग्लुटेनविरहित ताट मिळणं हा तेव्हापासून हक्क आहे. इथे निदान झालेल्या माणसाला पीठ-पावासाठी सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते, आणि ही पाकिटं औषधाच्या दुकानातही असतात. 2023 मध्ये तर लहान मुलांची सीलिअॅक आणि टाइप 1 मधुमेहासाठी देशभर तपासणी करायची, असा कायदाही झाला.

"आईबापांनी केलं होय," एवढंच ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मला झोप लागेना. आपल्याकडे असं काहीच नाही असं नाही, हे राहून राहून मनात येत होतं. आपल्याकडे उपास आहे. लग्नाच्या मांडवात "मला गहू चालत नाही" म्हटलं की दहा जणी कारण विचारतात आणि अकरावी म्हणते, एका पोळीनं काय होतंय. पण "माझा उपास आहे" म्हटलं की कोणी एक शब्द बोलत नाही. वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, सगळं वेगळ्या भांड्यातलं, वेगळ्या पळीनं वाढलेलं, धुतलेल्या ताटात समोर येतं. मी कित्येक लग्नांत उपास सांगून पोटभर जेवले आहे. वेगळी पळी म्हणजे काय ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. देवासाठी ती पाळतात. आजारासाठी पाळायची सवय अजून लागलेली नाही.

मंगळवार, फ्लॉरेन्स

पाय दुखेपर्यंत चाललो. टस्कनीची सुपं माझ्या कामाची नाहीत. रिबोलिता शिळा पाव घालून घट्ट करतात, आणि फार्रो हे नाव कितीही गावरान वाटलं तरी तो गव्हाचाच भाऊबंद. आपला खपलीसुद्धा त्याच घरातला. पुण्यात मला किती जणांनी सांगितलं असेल, खपली खा, तो जुना गहू आहे, बाधत नाही. बाधतो. त्यात ग्लुटेन असतंच.

जेलातोच्या, म्हणजे इथल्या आइस्क्रीमच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीनं कोनाला लागलेले चमचे बुडालेला डबा बाजूला सारला, आतून नवा, न उघडलेला डबा आणला आणि धुतलेल्या चमच्यानं कपात पिस्ता भरला. मागे रांग लागली होती, कोणी कुरकुरलं नाही.

रात्री आईनं झोप उडू नये म्हणून 'काफे दोर्त्सो' मागवली. कॉफीसारखीच दिसते, वासही तसाच, पण कॅफीन नसतं. "घोटभर बघ," म्हणून कप माझ्याकडे सरकवला. मी ओठाला लावणार तेवढ्यात शब्द कानात वाजला. ओर्त्सो म्हणजे जव. भाजलेल्या जवाची कॉफी. कप खाली ठेवला. आईचा चेहरा उतरला. तिचा काय दोष? कॉफीत धान्य असेल असं कोणाच्या मनात येईल?

गुरुवार

कुठे ते लिहीत नाही. स्टेशनबाहेरची एक जागा, यादीत नसलेली. गाडी चुकली होती, दोन वाजून गेले होते, भाकरीचा डबा हॉटेलवर राहिला होता. तळलेल्या पोलेंटाचे तुकडे होते. पोलेंटा म्हणजे मक्याच्या भरडीची उकड, त्यात गहू नाही. मी विचारलं, तेल वेगळं आहे का? तो "सी, सी" म्हणाला, हो, हो. फार पटकन म्हणाला. त्याच्या मागे एक बाई ब्रेडक्रम्सचे गोळे तळत होती, ते मला दिसलं होतं. भूक लागली की माणूस दिसलेलं न दिसल्यासारखं करतो. मी खाल्लं.

अडीच तासांनी सुरू झालं.

ते वर्णन नको. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बाथरूमच्या फरशीवर होते. आई दारात पाटावर असल्यासारखी गुडघे दुमडून बसलेली, एका हातात मीठ-साखरेचं पाणी. तिनं मला असं कधी पाहिलं नव्हतं. निदान झालं तेव्हा मी पुण्यात होते, ती सोलापूरला. हिमोग्लोबिन 7 वर आलेलं, वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी सीलिअॅक ओळखायची टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. लहान आतड्याच्या आतले मखमलीसारखे अंकुर सपाट झाले होते. लोह शोषायला जागाच उरली नव्हती. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं होतं. फोनवर सांगितलेला आजार ऐकणाऱ्याला दिसत नाही.

एकच्या सुमारास पोट शांत झालं. तिनं तोंड पुसून दिलं, पलंगावर निजवलं, दिवा घालवला. अंधारात म्हणाली,

"होळीला मी तुला नैवेद्याची पुरणपोळी दिली होती. एकच घास खा म्हटलं होतं."

मी काही बोलले नाही.

"तेव्हाही असंच झालं होतं का गं?"

"तीन दिवस," मी म्हटलं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू नैवेद्य म्हणून दिला होतास. तुला काय सांगायचं?"

ती उठून खिडकीशी गेली. बराच वेळ तिथेच उभी होती. नंतर येऊन माझ्या पायांवर हात ठेवून बसून राहिली, सकाळपर्यंत.

शनिवार, जेनोवा

काल दिवसभर भात आणि उकडलेला बटाटा. आज उभी आहे.

जेनोवाला यायचं कारण फारिनाता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. एवढंच. तांब्याच्या मोठ्या पसरट परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करकरीत, आत मऊ. जुन्या बंदराजवळच्या गल्लीत एका दुकानात तसली परात भट्टीतून बाहेर येताना आईनं पाहिली आणि जोरात म्हणाली, "अगं, हे तर आपलं डाळीच्या पिठाचं धिरडं!" मिरची-कोथिंबीर सोडली तर खरंच तेच. वासानं मला भुकेची कळ आली.

मी विचारायच्या आत आई पुढे झाली. हातात चिठ्ठी होती. कालच्या दुपारी मी झोपले असताना हॉटेलातल्या मुलीकडून तिनं ती देवनागरीत उतरवून घेतली होती. चष्मा लावून सावकाश वाचली: "मिया फील्या ए चेलीआका." माझ्या मुलीला सीलिअॅक आहे.

दुकानदार थांबला. भट्टीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि मान हलवून "नो" म्हणाला. त्याच भट्टीत तो फोकाच्या नावाचा मैद्याचा पावही भाजतो, दिवसभर मैदा उडत असतो. हरभऱ्याचं पीठ शुद्ध आहे पण हवा नाही, असं काहीसं हातवारे करून सांगितलं. मग बाहेर येऊन दोन वळणं पलीकडची एक जागा दाखवली, तिथली भट्टी वेगळी आहे म्हणाला.

त्याचा एक गिऱ्हाईक गेला. परवाच्या त्या "सी, सी"नंतर हा नकार ऐकून मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आईनं स्वतःसाठीही घेतलं नाही. "दोघींना चालेल तिथेच खाऊ," म्हणाली.

दुसऱ्या जागेच्या दारावर आडवी रेघ मारलेल्या कणसाचं चिन्ह होतं. आईनं पुन्हा चिठ्ठी वाचली, या वेळी न अडखळता. बाईनं हसून "सी" म्हटलं, मग आत नेऊन वेगळी भट्टी, वेगळी परात, सुरीसुद्धा वेगळी, सगळं दाखवलं. आईनं एकेका वस्तूकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे ठीक? हे?" लग्नाआधी मुलाच्या घरची चौकशी करतात तशी तिनं त्या स्वयंपाकघराची केली.

गरम गरम खाल्लं, वर मिरपूड भुरभुरून. आईनं डबा काढला, शेंगाचटणी फारिनातावर घातली आणि त्या बाईलाही चाखायला दिली. तिनं आधी विचारलं, "सेंत्सा ग्लूतिने?" आई म्हणाली, "सी, सी." मग मला मराठीत म्हणाली, "हिंग नाही घालत मी यात. पण हिंगात काय असतं गं?"

सांगितलं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हिंगात मैदा असतो, डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तोच मी वापरते.

आईचा हात थांबला. आमच्या घरी वरणाची फोडणी हिंगाशिवाय कधी पडलेली नाही.

सोमवार, विमानतळ

भाकरीचे चार तुकडे उरलेत. विमानातल्या जेवणाचा भरवसा नको म्हणून आईनं ते मला हात लावू दिले नाहीत.

बोर्डिंगला अर्धा तास होता. आईनं सोलापूरला मावशीला फोन लावला. पुढच्या महिन्यात मावशीच्या नातवाची मुंज आहे. मला वाटलं पोचल्याचं, निघाल्याचं बोलेल. ती स्पीकरवर मोठ्यानं म्हणाली,

"सुमे, स्वयंपाकघरात जा आणि हिंगाची डबी घे हातात. मागं काय लिहिलंय ते वाच."

पलीकडून भांड्यांचे आवाज आले. मग मावशी एकेक शब्द जुळवत वाचायला लागली.

"मैदा लिहिलाय बघ," मावशी म्हणाली. "का गं?"

"मुंजीला आचाऱ्याला सांगायचं," आई म्हणाली, "वरण फोडणीच्या आधी पातेलीभर वेगळं काढायचं. पळी वेगळी. भाकरीचं पीठ मी घरून आणते, तव्यावर आधी पोळी पडलेली नको. आणि मुलीला कोणी एक घास खा म्हणायचं नाही. मी बसेन तिच्याजवळ."

मावशीनं काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.

"उपास नाही," आई म्हणाली. "आजार आहे. तसंच सांग सगळ्यांना."