वाटणाशी जुळणारी वाइन : दिवाळीपासून आत्तापर्यंतची नोंद

मासळीबरोबर व्हाइट आणि मटणाबरोबर रेड हा नियम मी आमच्या घरापुरता रद्द केला आहे. आमच्याकडे नुसता मासा किंवा नुसतं मटण ताटात येतच नाही. सासर मालवणचं. सुरमई येते ती आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, मीठ, तिखट अंगाला चोळून आणि रव्यात घोळून. बांगडा येतो तिरफळांच्या तिखल्यात. मटण येतं भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणात. घोटाबरोबर जिभेवर जे भांडण किंवा मैत्री होते ती या वाटणाशी. त्यामुळे गेलं वर्षभर बाटली निवडताना मी एकच प्रश्न विचारते आहे: ताटात सगळ्यात मोठ्याने कोण बोलतंय? आंबट, तिखट, गोड की तळण?

सुरुवात दिवाळीच्या फराळाने झाली, आणि सगळ्यात सोपं उत्तरही तिथेच मिळालं. चकली, कडबोळी, शेव, कोथिंबीर वडी, म्हणजे मीठ आणि तेल असलेलं काहीही असू द्या, नाशिकची ब्रूट, म्हणजे जवळजवळ बिनगोड, स्पार्कलिंग चांगली गार करून समोर ठेवा. तिच्यातला आंबटपणा आणि बुडबुडे तोंडात बसलेलं तेल धुऊन काढतात आणि पुढची चकली पहिल्यासारखी लागते. हे फराळाच्या डब्यासाठी फारसं बरं नाही, हेही सांगून ठेवते. अळूवडीला मात्र ब्रूट कोरडी पडली. चिंच-गुळाचं सारण आंबट-गोड असतं, त्यापुढे ती लिंबाच्या पाण्यासारखी वाटायला लागते. तिथे जराशी गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन नेमकी बसली.

शेनिनबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण मराठी जेवणासाठी एकच बाटली घरात ठेवायची झाली तर मी हीच ठेवीन. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. नाशिकला आपल्याकडे सुला वाइनरीने जी पहिली व्हाइट वाइनची द्राक्षं लावली त्यांत हे आणि सोव्हिन्यों ब्लाँ होतं. त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते. जाणकार मंडळी त्याला नाक मुरडतात, पण हिरव्या मिरचीच्या पिठल्यासमोर तीच साखर कामाला येते. अल्कोहोल आणि रेडमधलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) दोन्ही तिखटाची आग वाढवतात, साखर ती खाली आणते. पिठलं-भाकरी, कच्चा कांदा आणि गार शेनिन हे आमच्याकडचं शुक्रवार रात्रीचं ठरलेलं जेवण झालं आहे. ठेचा मात्र त्या दिवशी बाजूला. ठेच्यासमोर कुठलीच वाइन टिकत नाही, तिथे ताकच.

सोव्हिन्यों ब्लाँ मी तळलेल्या सुरमईसाठी राखून ठेवते. तिची हिरवी, कच्च्या कैरीसारखी चव आगळाच्या आंबटाला तोडीस तोड आहे. आंबट पदार्थाबरोबरची वाइन त्याच्यापेक्षा कमी आंबट असली की ती पाणचट लागते, म्हणून इथे गोडसर शेनिन नको. त्याच सुरमईबरोबर मुद्दाम शिराझ या रेडचाही एक घोट घेऊन पाहिला. जिभेवर लोखंडी चव राहते, जुन्या नळाचं पाणी प्यायल्यासारखी. जपानमध्ये २००९ साली यावर संशोधन प्रसिद्ध झालं. वाइनमधलं लोह आणि माशातलं तेल एकत्र आलं की मासळीचा उग्र वास तयार होतो, आणि लोह रेडमध्ये बहुधा जास्त सापडतं. म्हणजे जुना नियम अगदीच खोटा नाही, त्याचं कारण मात्र रंगात नाही.

सोलकढीचं काय, असं विचारणारे असतीलच. सोलकढी ही स्वतःच त्या जेवणातली वाइन आहे: आंबट, किंचित तुरट, गुलाबी आणि गार. दोघींना एका ताटात बसवायचा हट्ट मी सोडला. बाटली आधी, सोलकढी भाताबरोबर.

आता मटण. मालवणी सुक्यासाठी सासूबाई सुकं खोबरं असं भाजतात की स्वयंपाकघरात निळसर धूर दिसायला लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं करपलं. गॅस बंद करायचा क्षण त्या नाकाने ठरवतात, डोळ्यांनी नाही. एका रविवारी मी ओट्यावर शिराझचा ग्लास ठेवला होता. सासूबाई वाइन घेत नाहीत, पण जे काही स्वयंपाकघरात येईल त्याचा वास घेतल्याशिवाय त्या सोडत नाहीत. ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगो, ह्येका तर खोबऱ्याचो वास येता!"

बाटलीमागचं लेबल वाचलं तर ती वाइन अमेरिकन ओकच्या पिंपात ठेवलेली होती. ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास थेट नारळासारखा येतो, आणि अमेरिकन ओकमध्ये ती फ्रेंच ओकपेक्षा जास्त असतात. वाटणातलं खोबरं आणि पिंपातलं खोबरं एकत्र आलं तेव्हा ते सुकं मटण आणि ती शिराझ एकाच घरातली वाटली. मटणाची चरबी आणि मीठ टॅनिनचा खरखरीतपणाही मऊ करतात. तेव्हापासून मी मटणासाठी रेड घेताना द्राक्षाच्या नावाआधी पिंपाचं लाकूड पाहते. सासूबाईंना याचं श्रेय दिलं तर त्या म्हणतात, वास तर कुणालाही आला असता.

कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर मात्र तीच शिराझ पेटते. चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, वर कांदा-लसूण मसाला. घसा जळतो आणि फळाची चव गायब. तांबड्याला थंडगार, जराशी गोडसर रोझे (गुलाबी वाइन) दिली तर निभतं. पांढऱ्या रश्श्याला शेनिन. भरल्या वांग्यांना अकलूजकडची, फ्रातेली वाइनरीची सांजिओवेझे ही रेड बरी गेली, कारण ती मूळचीच आंबटसर, टोमॅटोच्या देशातली, म्हणजे इटलीची. गोडा मसाला आणि शेंगदाण्याच्या कुटाला तिचा आंबटपणा उठाव देतो.

एक गोष्ट घरातल्या सगळ्या जोड्यांना लागू आहे. रेड वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी असं म्हणतात, ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. पुण्यात एप्रिलमध्ये आमची खोली तिशीच्या पुढे असते. रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा, दारूचा भपका कमी होतो. तिखट जेवणाबरोबर तर हे हवंच. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवायची. दोन-तीन दिवस चव राहते, नंतर ती रश्श्यात घालायला बरी.

जानेवारीच्या शेवटी नाशिकला गेलो. पुण्याहून जाताना नारायणगाव लागतं. श्यामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने १९८० च्या दशकात स्पार्कलिंग वाइन इथेच बनवली होती, हे गाडीत सांगितलं तर मुलांनी विचारलं, मिसळीला कुठे थांबायचं. मिसळ खाऊन वाइन चाखायला जाऊ नका, एवढं सांगते. कटाचं तिखट जिभेवर दोन तास तरी रेंगाळतं.

नाशिकची खरी मजा टेस्टिंग रूमपेक्षा बागेत आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून तिला छाटणीने वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळाभर काड्या तयार होऊ द्यायच्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. द्राक्षं भरतात ती कोरड्या हिवाळ्यात, तोडणी जानेवारी ते मार्च. जगभरातली वेल उन्हाळ्यात पिकते आणि आपली थंडीत, हा उलटा कारभार आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे जानेवारीच्या रात्री गार असतात आणि द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो. मार्च जवळ आला की ऊन वाढतं, साखर चढते, आंबटपणा पडतो. म्हणूनच स्पार्कलिंगसाठीची द्राक्षं सगळ्यात आधी तोडतात, मग व्हाइट, मग रेड. एका शेतकरीदादांनी घड हातात दिला. मणी लहान, साल जाड, आत बिया, गोडी अशी की बोटं चिकट झाली. खायच्या थॉमसनची सवय असलेल्या मुलांनी बिया थुंकत तोंडं वाकडी केली. दादांचं लक्ष मात्र आभाळाकडे होतं. तोडणीच्या तोंडावर अवकाळी किंवा गारपीट आली तर वर्ष जातं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला जत्रा असते, मंगळवार-बुधवार गाठा. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा आणि थुंकावं, बादली त्यासाठीच ठेवलेली असते. आणि डब्यात घरचं काहीतरी न्या. आम्ही इगतपुरीकडच्या एका लहान वाइनरीत परवानगी विचारून थालीपीठ आणि लोणी काढलं. तिथल्या पोराने आपणहून शेनिनची दुसरी बाटली, ओकमध्ये ठेवलेली, समोर आणली. लोण्याबरोबर ती सरस ठरली, लोण्याशिवाय साधी.

गोव्याची नोंद थोडक्यात. एप्रिलमध्ये गेलो तर तिथे वाइनपेक्षा उर्राक प्यावा. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, आणि सोबत तळलेली माणकी (स्क्विड). विंदालूमध्ये व्हिनेगर इतकं असतं की कुठलीही मध्यम वाइन त्यापुढे मान टाकते. परतताना राज्याच्या सीमेवर बाटल्यांना परवाना लागतो, तो आधीच काढून ठेवा.

सप्टेंबरात नणंदेकडे फ्रँकफर्टला गेलो, तिथून गाडीने मोझेल नदीकाठी बेर्नकास्टेल-कूसला. इथे उतार इतके उभे की तोडणारी माणसं वेलीला धरून उभी असल्यासारखी दिसतात. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाच्या कपच्या, शाळेतल्या पाटीचाच दगड. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. तिथली रीसलिंग ही व्हाइट काबिनेट या हलक्या प्रकारातली घेतली तर अल्कोहोल आठ-नऊ टक्के, आंबटपणा धारदार, आणि थोडी साखर. तिखटाच्या हिशेबाने याहून चांगली मांडणी कुणी मुद्दाम केली असती तरी जमली नसती. आम्ही पुण्याहून नेलेली बाकरवडी नणंदेने नदीकाठच्या बाकावर उघडली. बाकरवडीतली खसखस, तीळ, चिंच, तिखट, साखर या सगळ्यांना त्या वाइनने एकेक करून उत्तर दिलं. वर्षभरातली माझी सगळ्यात आवडती जोडी हीच, आणि ती जर्मनीत जमली याचं मला जरा वाईटही वाटतं.

सप्टेंबरात गेलात तर फेडरवायसर सोडू नका. ही अजून आंबत असलेली नवी वाइन, ढगाळ, गोड, फसफसणारी. वायू बाहेर पडावा म्हणून बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं नसतं, त्यामुळे ती पिशवीत आडवी ठेवता येत नाही, घरी आणण्याचा तर प्रश्नच नाही. तिच्याबरोबर कांद्याचा गरम केक देतात, झ्वीबेलकूखन. आपल्या कांद्याच्या थालीपिठाला अंडं आणि साय घालून भट्टीत टाकलं तर बरंच जवळ जाईल. वाइन करणारी कुटुंबं वर्षातले जास्तीत जास्त चार महिने आपल्या अंगणातच वाइन आणि साधं खाणं विकतात. दाराबाहेर खराटा किंवा हिरवी डहाळी टांगलेली दिसली की आत शिरायचं.

परत येताना माणशी दोन लिटरपर्यंतच करमाफी आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एक अर्धी. आम्ही दोघांनी मिळून चार काबिनेट आणल्या. त्यातल्या दोन पुढच्या मार्गशीर्षानंतर उघडणार, कारण श्रावण आणि मार्गशीर्षात आमच्या घरी बाटली उघडत नाही आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

गोडाचा कप्पा अजून अर्धवट आहे. वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर ती आंबटढोण लागते. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन पुरणपोळीपुढे टिकली, जायफळाने तिला सांभाळून घेतलं, आणि वरून तूप असलं की अधिकच. श्रीखंडापुढे हरली. उकडीच्या मोदकांना अजून हात लावलेला नाही, कारण गणपतीत वाइन काढायची हिंमत माझ्यात नाही, संकष्टीलाही नाही. मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी करून पाहायचे आहेत.

आणि सुक्या बोंबलाची चटणी. ब्रूट, रोझे, रीसलिंग, सगळ्यांना तिने लोळवलं आहे. कुणाला जमली असेल तर बाटलीचं नाव आणि चटणीतल्या मिरच्यांची संख्या, दोन्ही कळवा.