आमची वाटचाल : पतसंस्थेचं व्याज, काजूची घट आणि सीएमएमआय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आमचं ऑफिस चिपळूणला, बाजारपेठेत. 2009 ला दोन कॉम्प्युटरवर सुरू केलं, आज आम्ही अकरा जण आहोत. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर, काजू कारखान्यांच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर आणि आंब्याच्या सीझनला पेट्यांचा हिशोब ठेवणारं एक छोटं अॅप, एवढंच आमचं काम. मुंबई पुण्याच्या लोकांना हे छोटं वाटेल पण आमच्या एका पतसंस्थेत हजारो सभासदांच्या ठेवी असतात, त्यात म्हातारी माणसं असतात, मुंबईहून चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे असतात, त्यामुळे आमच्याकडनं चूक झाली की ती कोणाच्या तरी पासबुकात दिसते.

अशी एक चूक झाली आणि तिथूनच आमची सीएमएमआयची, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम ठरलेल्या पद्धतीने कसं करायचं ते पायरी पायरीने सांगणाऱ्या मॉडेलची, वाटचाल सुरू झाली. 31 मार्च 2017. पतसंस्थेत त्या रात्री व्याज पडतं, सगळ्या शाखा उशिरापर्यंत चालू, आणि आम्ही सगळे फोनवर. सकाळी एका शाखेतनं फोन, "अहो, सभासद काउंटरवर उभे आहेत, मुदतीआधी मोडलेल्या ठेवींना पूर्ण व्याज लागलंय, काय सांगू त्यांना?" आता गंमत म्हणजे, नाही, गंमत नाही म्हणणार मी त्याला, ही चूक आम्ही आधी दुरुस्त केलेली होती. जानेवारीत आमचा सिनियर मुलगा गुहागरच्या शाखेत गेला होता, तिथल्या मशीनवरच बसून त्याने ती दुरुस्त केली, शाखा खूश, आम्ही खूश. पण ती दुरुस्ती ऑफिसच्या कॉपीत आलीच नाही. मार्चमध्ये आम्ही सगळ्या शाखांना नवीन अपडेट टाकला आणि जुनी चूक परत जाऊन बसली. त्या मुलाला आठवत होतं, बाकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि तो त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला देवरुखला. तीनशेच्या वर खाती हाताने तपासून सुधारली आम्ही, चार दिवस लागले, आणि मॅनेजर साहेबांनी आम्हाला एक शब्दही वाकडा बोलला नाही ते मला जास्त लागलं.

त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, त्यात सगळ्या काजू कारखान्यांचं बिलिंग बदलायला लागलं, आणि त्या घाईत दुसरा घोळ. एका कारखान्याचे दोन भाऊ मालक. काजू बी उन्हात वाळवली की वजन घटतं, त्याला घट म्हणतात, आणि ती घट स्टॉकमध्ये कधी धरायची हा खरा प्रश्न असतो. मोठे शेठ म्हणाले खरेदीलाच टक्का कापून घ्या. आम्ही तसं केलं, पंधरा दिवस घालवले. धाकटे शेठ बघायला आले आणि म्हणाले हे कोणी सांगितलं, घट वाळवणीनंतर काट्यावर जी येईल तीच धरायची, बी ओली असेल तर टक्का कसा पुरेल. दोघांचंही बरोबर होतं आपापल्या जागी. पण आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं, एक फोन झालेला तेवढाच, आणि त्या पंधरा दिवसांचे पैसे आम्हाला मिळाले नाहीत. मागणार तरी कशाच्या जोरावर?

मग 2018 ला पुण्याच्या एका कंपनीने त्यांच्या कामातला एक भाग आम्हाला द्यायचं ठरवलं, आणि पहिल्याच मीटिंगला विचारलं तुमची प्रोसेस दाखवा. आम्ही काय दाखवणार. त्यांनी सीएमएमआय हा शब्द काढला आणि मी घरी येऊन रात्रभर वाचत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला प्रश्न पडला होता की सॉफ्टवेअर बनवणारे कंत्राटदार पारखायचे कसे, कारण कामं वेळेत होत नव्हती आणि पैसे वाढत होते. त्यांच्या पैशावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1984 ला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे वॉट्स हम्फ्री नावाचे गृहस्थ आले, आधी आयबीएममध्ये 27 वर्षं काढलेले. त्यांनी मांडलेल्या पायऱ्यांवरून 1991 ला सीएमएम (कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) आलं, आणि पुढे वेगवेगळी मॉडेलं एकत्र करून 2000 च्या सुमारास सीएमएमआय. आता ते आयसाका या संस्थेकडे आहे आणि 2023 मध्ये त्याची 3.0 आवृत्ती आलीय. आम्ही सुरुवात केली ती 2010 च्या 1.3 वर, कारण ते सगळं पुस्तक फुकट डाउनलोड करता येत होतं, पाचशेच्या आसपास पानांचं.

पायऱ्या पाच. पहिल्या पायरीवर सगळेच असतात, काही करावं लागत नाही. तिथे काम होतं, चांगलंही होतं, पण ते एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर होतं. हे वाचलं आणि मला देवरुखचं ते लग्नच आठवलं. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक प्रोजेक्ट नीट सांभाळलेला असतो. तिसरीवर सगळ्या कंपनीची एक ठरलेली पद्धत असते, चौथीवर आकड्यांवरून कारभार आणि पाचवीवर सतत सुधारणा. आम्ही फक्त दुसरी धरली. त्यात 1.3 प्रमाणे सात विषय येतात: ग्राहकाची मागणी सांभाळणं, प्लॅन करणं, प्लॅनवर लक्ष ठेवणं, बाहेरून घेतलेल्या कामाचे करार, मोजमाप, क्वालिटीची तपासणी, आणि कुठली कॉपी कुठे आहे ते सांभाळणं, ज्याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. सात विषय वाचले आणि जाणवलं की आमचे दोन्ही घोळ यातच बसतायत, एक पहिल्यात, एक शेवटच्यात.

दापोलीला एक सर राहतात, पुण्यात सॉफ्टवेअर क्वालिटीत आयुष्य घालवून रिटायर होऊन गावी आलेले. ते दर मंगळवारी एसटीने यायचे, जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण एवढंच घ्यायचे सुरुवातीला. पण सर येण्याआधी मी एक मोठी चूक करून ठेवली होती. नेटवरून चौतीस फॉर्म उतरवले, प्रिंट काढले, सगळ्यांना वाटले आणि सांगितलं उद्यापासून भरायचे. पहिल्या मंगळवारी सरांनी फाईल मागितली. चार मीटिंगची मिनिट्स होती, चार वेगवेगळ्या आठवड्यांची, आणि चारही एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एकाच कागदाच्या गठ्ठ्यावर लिहिलेली. सर काही बोलले नाहीत, फक्त ती चार पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. आमच्या ऑफिसच्या ताईंनी सोमवारी रात्री बसून ती लिहिली होती, त्यांचा काही दोष नाही, मी सांगितलं म्हणून लिहिली. मग सर म्हणाले, "चौतीसातले कुठले फॉर्म तुम्हाला स्वतःला परत उघडून बघावेसे वाटतील तेवढेच ठेवा." सहा उरले.

त्यातला पहिला 'काय ठरलं'. एक पान, मराठीत, ग्राहकाच्या भाषेत. काजूवाल्यांकडे जाताना त्यात घट कधी धरायची, पाकळी आणि तुकडा वेगळा दाखवायचा की एकत्र, 240 आणि 320 च्या, म्हणजे काजूगराच्या आकाराच्या, ग्रेड कुठे बदलता येतील हे सगळं, आणि खाली मालक जितके तितक्या सह्या. मधेच काही बदललं तर त्याच पानाखाली तारीख घालून नवीन ओळ, आणि त्याने किती दिवस वाढणार ते तिथल्या तिथे. त्या दोन्ही शेठना मी परत भेटायला गेलो, हे पान घेऊन, दोघं समोरासमोर बसले आणि वीस मिनिटांत घटेचा प्रश्न सुटला, अंदाजे टक्का खरेदीला, वाळवणीनंतर काट्यावरचा फरक वेगळा दाखवायचा. आजही ते आमचे ग्राहक आहेत.

प्लॅनिंगचं सांगतो, कारण इथे कोकणातल्यांना जास्त कळेल. आम्ही प्लॅन करायचो ते पुण्यासारखे, महिन्याचे बावीस दिवस धरून. मग जुलैत लावणीला चार मुलं सुट्टीवर, गणपतीत तर ऑफिसच बंद, शिमग्याला पालखी घरी येणार म्हणजे माणूस गावाला जाणारच, त्याला अडवायचं कोणी आणि का? आणि एप्रिल मे मध्ये आंबा आणि काजूवाल्यांना फोन घ्यायलाही वेळ नसतो, टेस्टिंगला कोण बसणार. सरांनी आधीच्या दोन वर्षांच्या हजेरीवरून महिन्यावार खरे दिवस काढायला लावले. सप्टेंबरला, गणपती त्यात आले तर, अकरा जणांत मिळून निम्मेसुद्धा दिवस हातात येत नव्हते. त्या आकड्यावर आम्ही पुण्याच्या कंपनीला तारीख दिली, ती त्यांच्या अपेक्षेपेक्षा पाच आठवडे पुढची होती, मला घाम फुटला होता ती मेल पाठवताना. त्यांनी एक फोन केला, कारण विचारलं, आम्ही तक्ता पाठवला, आणि त्यांनी तारीख मान्य केली. त्या तारखेच्या दोन दिवस आधी काम दिलं आम्ही.

मोजमाप हा विषय मला सगळ्यात अवघड वाटायचा आणि निघाला सगळ्यात सोपा. ताईंनी एक साधी लांबडी वही केली. कोणाचा फोन, कधी, कशाबद्दल, आणि शेवटच्या रकान्यात शेवटचा अपडेट कधी टाकला होता ती तारीख. तीन महिन्यांत 214 फोन. त्यातले 97 अपडेट टाकल्यापासून दोन दिवसांच्या आत आलेले. म्हणजे जवळजवळ निम्मा त्रास आम्हीच नेऊन देत होतो लोकांना. त्यानंतर शुक्रवारी अपडेट बंद, मार्चच्या 15 तारखेनंतर पतसंस्थांना अपडेट पूर्ण बंद, आणि प्रत्येक अपडेट आधी एकाच शाखेत चार दिवस चालवायचा. पुढच्या तिमाहीत ते 97 चे 31 झाले. तो आकडा मी फळ्यावर लिहिला होता आणि कोणीही महिनाभर पुसला नाही.

क्वालिटीच्या तपासणीला वेगळा माणूस ठेवणं आम्हाला परवडत नाही. मॉडेलही म्हणत नाही की वेगळं डिपार्टमेंट पाहिजे, ज्याचं काम त्यानेच तपासू नये एवढंच. म्हणून सपोर्टवाले प्रोग्रॅमिंगवाल्यांचं बघतात आणि ते यांचं.

सगळ्यात दुखलं ते आमच्या सिनियर मुलाला. त्याला वाटलं त्याच्यावर विश्वास राहिला नाही. आठ वर्षं त्याने रात्री अपरात्री मोटरसायकलवर शाखा शाखा पालथ्या घातल्या होत्या, आणि आता त्याला सांगायचं की कोणाच्याही मशीनवर परस्पर बदल करायचा नाही, आधी रेपॉझिटरीत, म्हणजे ऑफिसच्या मूळ कॉपीत, टाक मग तिथनं ने. दोन महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मी त्याच्या घरी गेलो, आईंच्या हातचं जेवलो, आणि त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या बहिणीच्या लग्नात तुला सात फोन केले होते आम्ही, तसे मला पुन्हा करायला लागायला नकोत. नंतर बॅकअपचं सगळं त्यानेच अंगावर घेतलं.

बॅकअप घेणं वेगळं आणि तो परत चालू करून बघणं वेगळं. डिसेंबर 2019 ला पहिल्यांदा दुसऱ्या मशीनवर बॅकअप उघडून बघितला तर एका पतसंस्थेच्या तीन महिन्यांच्या फाईली नावाला होत्या, आत शून्य. रोज हिरवी खूण येत होती स्क्रीनवर. त्या दिवसापासून दर तीन महिन्यांनी सराव, कोण काय करणार ते कागदावर, आणि एक कॉपी चिपळूणच्या बाहेर.

22 जुलै 2021 बद्दल चिपळूणकरांना काही सांगायला नको. वाशिष्ठी नदीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं, आमचं ऑफिस तळमजल्याला, सात कॉम्प्युटर, सर्व्हर, फर्निचर, सगळ्या फाईली चिखलात. लाईट नाही, मोबाईल नाही. माणसं सगळी सुखरूप आहेत हे कळायलाच दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस कामाचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो सिनियर मुलगा आणि अजून एक जण सावर्ड्याला एका मित्राच्या घरी बसले, सरावाचा कागद दोघांना पाठ होता, आणि पाचव्या दिवशी पतसंस्थांचा डेटा परत उभा. लोकांच्या घरात चिखल होता, त्यांना ठेवीतले पैसे तेव्हाच पाहिजे होते. एका काजू कारखान्याने मात्र डेटा बाहेर ठेवायला आम्हाला कधी परवानगी दिली नव्हती, आम्हीही फार आग्रह धरला नाही, त्यांची पंधरा दिवसांपूर्वीची कॉपी मिळाली आणि मधला हिशोब त्यांनी पावत्या वाळवून परत घातला. तो आग्रह धरायला पाहिजे होता, हे मला अजून लागून राहिलंय. आता 'काय ठरलं' च्या पानावर ती एक ओळ छापूनच येते, नको असेल तर ग्राहकाने तिथे वेगळी सही करायची.

आम्हाला बरेच जण विचारतात सर्टिफिकेट आहे का. नाही. एकतर सीएमएमआयमध्ये रीतसर सर्टिफिकेट नसतं, अप्रेझल म्हणजे मूल्यमापन असतं, मान्यताप्राप्त लीड अप्रेझर येऊन माणसांशी बोलतो, कागद बघतो आणि मग लेव्हल, म्हणजे वर सांगितलेली पायरी, मिळते, ती तीन वर्षं चालते आणि त्यांच्या अधिकृत साईटवर दिसते. पंधरा दिवसांत लेव्हल थ्री काढून देतो असे फोन येतात आम्हाला, सरकारी टेंडरात लेव्हल थ्री मागतात म्हणून बरेच जण घेतातही. कोणी असं काही दाखवलं तर त्या साईटवर नाव शोधा. खरं अप्रेझल आमच्यासारख्यांना महाग आहे. पैसे बाजूला टाकतोय, तिसऱ्या पायरीचं काम चालू आहे, पतसंस्था आणि काजू या दोन टीमची पद्धत एक करणं हे वाटलं त्यापेक्षा जड जातंय कारण दोन्हीकडचे ग्राहकच वेगळ्या स्वभावाचे.

सर अजून मंगळवारी येतात, आता आम्ही गाडी पाठवतो. आपल्या भागातल्या कोणाला आमचे सहा फॉर्म बघायचे असतील, वहीचे रकाने बघायचे असतील तर खुशाल या, सगळं दाखवू, कॉपी पण देऊ. फक्त गणपतीत आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नका.