पेन्सिलीची रेघ

भाषणं लिहिणं हा माझा धंदा. सभेत मागे उभा राहून कुठल्या वाक्याला टाळ्या पडल्या, हे मी मनात टिपून ठेवतो. एक वाक्य सलग चार सभांत चाललं होतं : ‘व्यसनी माणसाला एकच भाषा कळते, शिक्षेची.’ पाचव्या सभेच्या आदल्या संध्याकाळी मसुदा घेऊन साहेबांच्या घरी गेलो, तर साहेब फोनवर. वहिनींनी कागद घेतले, चष्मा लावला आणि नेमक्या त्याच वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

“वहिनी, हे साहेबांनी मंजूर केलंय.”

“केलं असेल. अलीकडे विचारलंत का?”

राग आला, खोटं कशाला बोलू? यांना कोणी निवडून दिलंय? मला एडिथ विल्सन आठवल्या. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्यापुढे कोणता कागद जायचा, हे त्यांची बायको ठरवत होती.

तोंडावर हे बोलण्याची हिंमत नव्हती, म्हणून दुसरा किस्सा सांगून सौम्य टोमणा मारला. १९६४ च्या मार्चमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची टीव्हीवर पत्रकार परिषद झाली आणि पाठोपाठ पत्नी लेडी बर्ड यांचा फोन. धाप लागल्यासारखं वाटलं, बोलणं घाईचं झालं, नजर सारखी खाली. वर गुण दिले, ‘बी प्लस’. त्या फोनचं ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं.

वहिनी मनापासून हसल्या. “ह्यांना तर मी मागच्या सभेत नापास केलं असतं. ते बोट!”

साहेब बोलताना तर्जनी रोखतात. पोस्टरवरही तेच. प्रतिमा सांभाळणारे सल्लागार त्याला करारीपणा म्हणायचे.

“घरात कधी बोट रोखत नाहीत. लोकांवरच कशाला?”

मग कळलं, की वहिनी आठ महिने दर आठवड्याला दोन दुपारी एका व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाइकांची नोंद करायला बसत होत्या. फोटो नाही, बातमी नाही. मलाही पत्ता नव्हता.

“मी ह्यांना उपदेश नाही करत हो. रात्री जेवताना दिवसभराचं सांगते, बस. एक मुलगा तिसऱ्यांदा दाखल झालाय. त्याचा बाप रोज येतो आणि दाराबाहेरच बसतो. आत यायची लाज वाटते त्याला. हे सांगितलं तेव्हा काही बोलले नाहीत. पण नंतर तीन दिवस रोज विचारत होते, ‘अगं, तो बाप आत आला का?’”

घरी जाताना एडिथबाई मागे पडल्या आणि एलिनॉर रूझवेल्ट आठवल्या. १९२१ साली त्यांचे पती, अमेरिकेचे भावी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय पोलिओने गेले. पुढे गव्हर्नर झाल्यावर ते सरकारी संस्थांची पाहणी करायला एलिनॉरना आत पाठवत. सुरुवातीला त्या जेवणाचा छापील तक्ता वाचून परत यायच्या. नवरा म्हणायचा, पातेल्यांची झाकणं उघडून बघ. हळूहळू त्यांची नजर तयार झाली. आमच्या घरात मात्र कोणी पाठवलंच नव्हतं. वहिनी आपण होऊन झाकण उघडून आल्या होत्या.

इतकं सगळं कळूनही अंतिम प्रतीत मी ते वाक्य तसंच ठेवलं. हट्ट, दुसरं काय. चाललेलं वाक्य काढायला जिवावर येतं.

सभेत साहेब त्या ओळीपर्यंत आले. हात उठला, बोट अर्धं बाहेर आलं आणि हात तसाच खाली येऊन टेबलावर टेकला. म्हणाले, “एक बाप रोज दाराबाहेर बसतो. त्याला आत कसं आणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.” एकही टाळी नाही. मैदान गप्प. मला आधी वाटलं, माइक बंद पडला.

दुसऱ्या दिवशी सल्लागार सगळ्यांना सांगत सुटले, की संवेदनशील प्रतिमेची ही कल्पना त्यांचीच. मी काही बोललो नाही, माझा हिशेब वेगळा होता. पुढच्या भाषणात त्या बापावर दीड पान लिहिलं, डोळे पाणावतील असं. म्हटलं, वहिनी खूश होतील.

मसुदा परत आला. दीड पानावर आडवी रेघ आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं : ‘हा बाप टाळ्यांसाठी बसवलाय. उठवा.’