भोंगा वाजण्याआधीचं विद्यापीठ

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली, तेव्हा महाराष्ट्राच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तिन्ही नावं होती. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, नाव येणारच. राज्यभर पसरलेल्या दोन विद्यापीठांची मुख्यालयंही इथेच आहेत: १९८९ चं मुक्त विद्यापीठ आणि १९९८ चं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. युद्धकाळात विद्यापीठांनी काय करायचं, यावर परिसंवाद बरेच होतात. मला रक्ताची पिशवी, इन्व्हर्टर आणि द्राक्षाचा देठ जास्त महत्त्वाचे वाटतात. शाश्वत विकासासाठी ही कामं एरवीही करायचीच आहेत.

आधी रक्त. तणावाची बातमी आली की महाविद्यालयं एकाच दिवशी मोठं शिबिर भरवतात. तळमळ खरी असते, पण तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. पहिल्याच दिवशी २०० जणांनी रक्त दिलं, तर त्यातल्या मुलांना ३ महिने आणि मुलींना ४ महिने पुन्हा देता येत नाही. सातव्या आठवड्यात साठ्याची मुदत संपलेली आणि दातेही हाताशी नाहीत, अशी गत होते. त्यापेक्षा दात्यांचे १८ गट पाडावेत आणि दर आठवड्याला एकच गट, म्हणजे साधारण ११ जण, रक्तपेढीत पाठवावा. ओ निगेटिव्ह दात्यांची यादी वेगळी ठेवून त्यांना गरज पडेल तेव्हाच बोलवावं.

दुसरी अडचण शिबिराच्या टेबलावर कळते. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली किंवा वजन ४५ किलोच्या आत म्हणून कितीतरी मुली परत जातात. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी प्रवेशाच्या वेळीच करावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. युद्ध झालंच नाही, तरी त्या मुलींचा थकवा गेलेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) वर्षाला १२० तासांत हे काम सहज बसतं.

आता वीज. छतावर सोलर पॅनल आहेत म्हणून निर्धास्त राहणं ही फार मोठी चूक आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की आपोआप बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागू नये म्हणून तशी योजनाच असते. ब्लॅकआउटमध्ये चालायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड गेली तरी बॅटरीवर चालणारा), बॅटरी आणि अत्यावश्यक उपकरणांसाठी वेगळा डीबी, म्हणजे वीज वाटून देणारा स्विचांचा डबा हवा. सर्व्हर, नेटवर्क, औषधांचा फ्रीज आणि दोन-चार दिवे मिळून ८०० वॅट धरले, तर ८ तासांना ६.४ युनिट लागतात. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची आणि इन्व्हर्टरमधली घट धरायची, म्हणून १० युनिटची घ्यावी. रविवारी दुपारी मेन स्विच पाडून चाचणी करा. बहुधा तिथेच कळतं की मधल्या काळात कुणीतरी त्याच डीबीवर एसी जोडून ठेवलाय.

विद्यार्थ्यांच्या नोंदींचं थोडक्यात सांगतो. युक्रेनमधल्या डोनेत्स्कचं राष्ट्रीय विद्यापीठ २०१४ मध्ये युद्धामुळे विन्नित्सिया या दुसऱ्या शहरात हलवावं लागलं; इमारती मागे राहिल्या. अशा वेळी विद्यार्थ्याचं शिक्षण म्हणजे त्याचं गुणपत्रक. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक शहराबाहेर. नाशिकच्या गंगापूर रोडची प्रत नाशिकरोडला ठेवणं म्हणजे शहराबाहेर नव्हे. ती नागपूरला हवी. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतून ५० निकाल परत काढून पाहावेत. न उघडणारी प्रत ही प्रतच नाही.

आणि लांबच्या युद्धाचं काय? भारत जवळपास सगळं पोटॅश खत आयात करतो आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे निर्यातदार. २०२२ मध्ये निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला युक्रेनच्या युद्धाची झळ खताच्या दुकानात लागली ती यामुळे. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश बहुधा बरं असतं, तरी सवयीने गोण्या ओतल्या जातात. इथे मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांचं काम फार मोलाचं. माती परीक्षणाच्या जोडीला देठ परीक्षण करावं, म्हणजे वेलीने खरोखर किती अन्नद्रव्य घेतलं ते कळतं: खरड छाटणीनंतर (वेलीच्या वाढीसाठीची) ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, गोडी छाटणीनंतर (फळासाठीची) पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. बागेत नागमोडी फिरून शंभरेक देठ गोळा करावेत, पान जागेवरच तोडून वेगळं करावं आणि देठ कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये घाम सुटून ते कुजतात. नुकतीच फवारणी झाली असेल तर थांबावं, नाहीतर आकडे फुगतात. अहवालाला उशीर झाला तर खत देऊन झालेलं असतं, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांची दुसरी पाळी लावावी. देठ धुणं, वाळवणं, दळणं आणि नोंदवणं त्यांना आठवड्याभरात शिकवता येतं.