वेलंकनी, गुडघ्यांशिवाय

आमच्या सासूबाईंनी अकरा वर्षांपूर्वी नवस बोलला होता: "हिला अंथरुणाला खिळू देऊ नकोस माउली, मी हिला तुझ्या वाळूवरून गुडघ्यांवर आणीन." नवस माझ्या गुडघ्यांचा, आणि तो मला कळला एका लग्नाच्या पंगतीत, तिसऱ्याच माणसाकडून. मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मनगटं, बोटं, गुडघे, पावलं, काही सुटत नाही. पण अंथरुणाला मी खिळले नाही. म्हणजे माउलीने तिची बाजू पाळली होती, थकबाकी आमच्याकडे.

ही माउली म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेलंकनीची आरोग्यमाता, येशूची आई मारिया. यंदा फेब्रुवारीत वसईहून मी आणि माझी नणंद, दोघीच तिच्या देवळाला जाऊन आलो. असलाच कायमचा आजार घेऊन कुणाला जायचं असेल, तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी नवसाचा निकाल. फादरांना विचारलं तर त्यांनी कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यातलं १९८३ सालच्या संहितेचं ११९३ वं कलम सांगितलं: नवस ज्याने बोलला त्यालाच बांधतो. दुसऱ्याच्या शरीरावर नवस चढवता येत नाही, आणि झेपत नसेल तर रीतसर बदलूनही मिळतो. हे घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "फादरांना काय विचारायचं? नवस मी बोलले." कायद्याचं म्हणणंही नेमकं तेच होतं, पण मी वाद घातला नाही.

निघण्याआधी मी आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार घेतला. यावर घरात रडारड झाली, कारण आमच्याकडे अजून तो मरणाऱ्याचा संस्कार समजतात. तो तसा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या १९६२-६५ च्या सभेनंतर, तर हे स्पष्टच झालं आहे. गंभीर किंवा लांबलेल्या आजारात घेता येतो, बळावला तर पुन्हाही. फादरांनी कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं. माझी बोटं पूर्ण उघडत नाहीत, तेव्हा त्यांनी अंगठ्याने हळूच वाट काढली. तेवढ्यासाठी तरी घ्यावा.

जायचं कधी? माउलीचा सण ८ सप्टेंबरला, झेंडा चढतो २९ ऑगस्टला, आणि मधले दिवस भगव्या कपड्यांतल्या पायी यात्रेकरूंचा समुद्र. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर त्या गर्दीत जाऊ नका, इतकंच सांगते. एप्रिल-मेमध्ये ऊन जाळतं. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्यावर पावसाचे आणि वादळांचे दिवस. जानेवारी-फेब्रुवारी बरे. मात्र मराठी मिस्सेचा, म्हणजे देवळातल्या सामूहिक उपासनेचा, मोह असेल तर ती सणाच्या नोव्हेनाच्या, नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत असते. एरवी इंग्रजी मिस्सेवर भागवावं लागतं.

आम्ही मुंबई-चेन्नई विमानाने, पुढे रात्रीच्या कारैकालच्या गाडीने पहाटे नागपट्टणमला, आणि तिथून दहा-बारा किलोमीटर रिक्षाने गेलो. विमानात व्हीलचेअर मोफत मिळते, पण तिकीट काढतानाच मागायची. मला लाज वाटत होती. नणंद म्हणाली, "वहिनी, खुर्चीवर बसून गेलीस तर माउली काय दार लावून घेणार आहे का?" रेल्वेत पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईला शक्यतो खालचा बर्थ देतात, वय नीट भरा. आजारपणाची सवलत मागायला मात्र जाऊ नका, कॅन्सर, हृदय, डायलिसिस वगैरे त्या यादीत आहेत, आपला संधिवात नाही. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन असेल तर ते सामानात टाकून विमानाच्या पोटात पाठवायचं नाही, गोठलं की वाया. डायलिसिसवाल्यांनी तंजावर किंवा नागपट्टणमला आधी फोन करून पाळी ठरवल्याशिवाय आणि काविळीचे नि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट बरोबर घेतल्याशिवाय निघूच नये.

वार पण मी बघून निवडला. माझी मेथोट्रेक्सेटची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी संधिवाताची, गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि अशा चुका लोकांच्या होतात. म्हणून मी ती बुधवारला बांधली आहे. लग्नाआधी मी दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मातेच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचे. आता तिथवर जाणं होत नाही, पण बुधवार डोक्यातून जात नाही. रात्री जेवण झालं की नोव्हेना म्हणायची, आमेन झालं की गोळी. गोळीचा त्रास कमी करणारं फोलिक ॲसिड शुक्रवारी. गुरुवार मळमळीत जातो, म्हणून शुक्रवारी निघालो. देवावरचा भरवसा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला आधी हा बुधवार आठवतो, चमत्कार नाही.

कारण दुसऱ्या प्रकारचा भरवसाही करून पाहिला आहे. आजार नवा होता तेव्हा एका प्रार्थनासभेत मला सांगितलं, गोळ्या घेतेस म्हणजे तुझा विश्वास कच्चा. मी दोन महिने गोळ्या सोडल्या. डावं मनगट तेव्हापासून वळत नाही आणि आता वळणारही नाही. झिजलेलं हाड परत येत नाही. बायबलात संत पौलाने देहातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं होतं आणि काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कच्चा होता असं त्या सभेत कुणी म्हटलं नसतं.

तर, खोली. देवस्थानाच्या स्वतःच्या निवासखोल्या आहेत, आधी नोंदवा. तळमजला आणि कमोड, या दोन गोष्टी फोनवर स्वतःच्या कानांनी ऐकून घ्या. आमच्या खोलीत नळाची चावी गोल आणि घट्ट होती. सकाळचा पहिला दीड तास माझी बोटं लाकडाची असतात. नणंद झोपलेली, उठवणं जिवावर आलं. शेवटी ओला पंचा चावीभोवती गुंडाळून कोपराने फिरवली आणि गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले. बाहेर देवळाची घंटा वाजत होती. सकाळची जपमाळ माझी त्या बादलीतच झाली, बोटांवर मोजून. पहाटेच्या मिस्सेचा हट्ट सोडा, उशिराची धरा. एक छोटा पंचा मात्र न्याच.

देऊळ पांढरंशुभ्र, उंच मनोऱ्यांचं, समुद्राजवळ. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्याला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. आत आरोग्यमाता साडी नेसलेली उभी. इथल्या तीन कथांपैकी माझी आवडती ताक विकणाऱ्या लंगड्या पोराची. एका बाईने बाळासाठी ताक मागितलं, त्याने दिलं, मग ती म्हणाली, नागपट्टणमला जाऊन निरोप सांग. आणि पोरगा धावत सुटला. लहानपणी मला त्यातलं धावणं आवडायचं. आता वाटतं, ताक त्याने लंगडा असतानाच दिलं.

बाहेर दुकानांत पत्र्याचे ठसे मिळतात: डोळा, हात, पाय, हृदय, किडनी. ज्या अवयवाचं दुखणं, तो अर्पण करायचा. दुकानदाराने हिंदीत विचारलं, कौन सा पार्ट? मी म्हटलं, दोन मनगटं, दोन गुडघे, दोन पावलं आणि बोटं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अख्ख्या बाईचा ठसा काढून दिला. "फुल बॉडी लो. सस्ता पड़ेगा." इतकी हसले की नणंदेला वाटलं मी रडतेय. वाहिलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तेही बघा, लोकांनी लिहिलेली आभाराची पत्रं आहेत तिथे. पण उभं राहून वाचवत नाही, पाठ भरून येते.

मग वाळूची वाट, देवळापासून माउलीच्या तळ्याकडे जाणारी. लोक जपमाळ हातात धरून गुडघ्यांवर सरकत असतात. तरुण, म्हाताऱ्या, पोराला कडेवर घेतलेल्या आया. मी कडेला बसले. वाळू दुपारी तापते. मधुमेहाने पायांची जाणीव गेलेली असेल तर अनवाणी पाऊल टाकू नका, जाड मोजे घाला, माउली मोज्यांना काही म्हणत नाही. तळ्याचं पाणी लोक पितात, बाटल्या भरून नेतात. माझ्या औषधांवर असलेल्यांनी ते कपाळाला लावावं आणि थांबावं.

नणंदेने माझ्याकडे चप्पल दिली, ओढणी कमरेला बांधली आणि काही न बोलता गुडघ्यांवर बसली. अर्ध्यावर तिला दम लागला. उठली तेव्हा एका गुडघ्याची सालं निघाली होती. माझ्या पिशवीत मलम होतंच, माझ्या पिशवीत सगळंच असतं. झाकण तिने उघडलं, लावलं मी.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. तळलेल्या मासळीचा वास, पोरांचा दंगा. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, याच वाळूवर त्सुनामीने शेकडो यात्रेकरू नेले. पाणी देवळात शिरलं नाही, याला लोक चमत्कार म्हणतात. मला तो शब्द तिथे उच्चारवला नाही. किनाऱ्यावर होते तेही नवस फेडायलाच आले होते. मी त्यांच्यासाठी ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हटली आणि आम्ही परतलो.

मंगळवारी रात्री गाडी, बुधवारी सकाळी चेन्नई, संध्याकाळपर्यंत वसई. येताना माझ्या पावलांना सूज होती. एक दिवस जास्त ठेवायला हवा होता, तुम्ही ठेवा. सासूबाई ओट्यावर बसून होत्या. वेलंकनीहून आणलेली तेलाची बाटली हातात दिली, ती त्यांनी डोळ्यांना लावली, आणि लगेच हिशेबाला आल्या.

"गुडघ्यांवर गेलीस?"

"मी नाही. तुमची लेक गेली. अर्ध्यापर्यंत."

त्यांनी लेकीच्या गुडघ्यावरची खपली बघितली, माझ्या पावलांकडे बघितलं.

"बरं," म्हणाल्या. "अर्धं राहिलं म्हणजे. जेवून घ्या, आज बुधवार आहे ना तुझा?"