अभिजित डोक्यावर येईपर्यंत

साडेतीन महिने दुर्बीण चादरीखाली होती आणि निरीक्षणाची वही कोरी. मान वर केली की गरगरतं म्हणून ज्यांनी आकाशाकडे बघणंच सोडलंय, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय. नोव्हेंबरात मला असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान सुरुवातीचे आठवडे वाया गेले नसते.

नोव्हेंबर

रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि देवयानी दीर्घिका जवळपास डोक्यावर आली होती. माझी दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे जमिनीवरच्या फिरत्या बैठकीत ठेवलेली आरशाची दुर्बीण, १२०० मिमी नाभीय अंतराची, आणि तिच्यावर नेम धरायला साधा रेड डॉट फाइंडर. डॉब वापरणाऱ्यांना सांगायला नको. खमध्याजवळचं, म्हणजे थेट डोक्यावरचं, काही शोधायचं म्हणजे नळीशेजारी गुडघे टेकायचे, मान मागे टाकायची, एका बाजूला वळवायची आणि त्या छोट्या काचेत लाल ठिपका पकडायचा. वर्षानुवर्षं हेच करत आलेय. त्या रात्री ठिपका दिसला आणि पुढच्या क्षणी सगळं आकाश गरगरा फिरायला लागलं. डोळे मिटले तरी थांबेना. मी नळीला घट्ट धरलं, पण डॉब ती, हलक्या हातानं फिरणारी. ती माझ्याबरोबर फिरली आणि मी गवतावर आडवी झाले. अर्ध्या मिनिटात सगळं जागच्या जागी आलं. मळमळ मात्र तासभर राहिली.

त्यानंतर रोज पहाटे अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की तेच. आधी जिथे दाखवलं तिथे मानेचं दुखणं ठरलं आणि गळ्यात पट्टा आला. तीन आठवडे तो घातला. गरगरणं तसंच राहिलं, वर मानही आखडली.

डिसेंबर

मग ताई मला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चक्कर म्हणजे नक्की काय होतं तुम्हाला? डोळ्यांपुढे अंधारी येते, की खोली फिरते?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आपण भोवळ, घेरी, चक्कर हे सगळे शब्द एकाच अर्थानं वापरतो आणि तिथेच गोंधळ होतो. अंधारी येणं वेगळं, त्याची कारणं बहुधा रक्तदाबाकडे जातात. खोली फिरणं हा व्हर्टिगो, आणि त्यात आतल्या कानाचा संबंध बऱ्याचदा असतो. तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'चक्कर येते' एवढ्यावर थांबू नका. काय फिरतं, किती वेळ फिरतं, डोकं कसं असताना फिरतं, हे सांगा.

त्यांनी मला तपासणीच्या पलंगावर बसवलं, डोकं ४५ अंश उजवीकडे वळवलं आणि मला झटकन मागे निजवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबकळेल असं. डोळे उघडे ठेवायला सांगितले. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग नोव्हेंबरातली ती रात्र जशीच्या तशी परत आली, छतावरच्या दिव्यासकट. डॉक्टर माझ्या डोळ्यांकडे बघत होते, कारण गरगरत असताना बुबुळं ठरावीक दिशेनं झटके देत फिरतात आणि त्यावरून कुठल्या कानात बिघाड आहे ते कळतं. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी, १९५२ पासूनची.

गंमत म्हणजे मी घरी येऊन फाइंडरमागची माझी बैठक आठवली. मान मागे, उजवीकडे वळलेली. आजार पकडायला डॉक्टर डोकं ज्या स्थितीत नेतात, जवळजवळ त्याच स्थितीत मी दर निरीक्षणाच्या रात्री दहा-वीस वेळा जात होते.

आजाराचं नाव लांबलचक आहे, सगळे बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, एका पातळ थरात रुतलेले. गुरुत्वाची दिशा कळायला त्यांची मदत होते. त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या. डोकं वळलं की ते नलिकेतल्या द्रवात घरंगळतात, द्रव हलतो आणि मेंदूला निरोप जातो की डोकं गोल फिरतंय. डोळे सांगतात, नाही फिरत. त्या भांडणातून गरगर होते. स्फटिक तळाशी बसले की थांबते.

उपायही याच तर्कानं चालतो. स्फटिक जिथून आले तिथे डोकं वळवून वळवून परत न्यायचे. याला एपली पद्धत म्हणतात. जॉन एपली या अमेरिकी डॉक्टरांनी ती शोधली, सुरुवातीला त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि १९९२ मध्ये त्यांचा सविस्तर लेख आला. मला आधी उजवीकडे निजवलं, मग डोकं डावीकडे, मग सगळं अंगच डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. प्रत्येक टप्प्यावर गरगर थांबेपर्यंत आणि वर थोडा वेळ थांबायचं. पाचेक मिनिटांचं काम. आठवड्यानं पुन्हा एकदा केलं, आणि त्यानंतरच्या चाचणीत काहीच फिरलं नाही.

एक सांगून ठेवते. प्रत्येक गरगरणं बीपीपीव्ही नसतं. सोबत ऐकू कमी येणं, एकाचं दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं किंवा हातापायातली शक्ती जाणं असं काही असेल तर घरी व्यायाम करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि कुठल्या कानाचं, कुठल्या नलिकेचं हे ठाऊक नसताना व्हिडिओ बघून डोकं फिरवू नका.

जानेवारी

आजार गेला होता, मी मात्र बरी नव्हते. चालताना जमीन किंचित तरंगल्यासारखी वाटायची. त्याहून वाईट म्हणजे मान वर जाईचना. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मी स्टूल आणायचे, म्हणजे डोकं सरळ राहील. छातीत धस्स व्हायचं, अजून काही फिरलं नसतानाच. डॉक्टरांनी समजावलं की हे होतं, आणि मान जपत बसलं तर ते लांबतं. मेंदूला हालचाल मिळाली तरच तो कानाच्या निरोपांचा हिशोब पुन्हा नीट मांडतो.

म्हणून व्यायाम. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर नखावर ठेवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगानं. आधी बसून, मग उभं राहून. दुसरा व्यायाम मी आपल्या छंदासाठी मुद्दाम मागून घेतला. तोल आपण तीन गोष्टींवर सांभाळतो, आतला कान, डोळे, आणि पावलं-सांध्यांमधून येणारी जाणीव. आकाशनिरीक्षणात डोळे जवळपास बाद असतात, आणि वर आपण डोकं मागे टाकतो. कानानं आधीच दगा दिलेल्या माणसाला याहून अवघड परिस्थिती नाही. तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची ठेवून, अनवाणी पावलं जुळवून डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्या दिवशी सात सेकंद जमलं. महिनाअखेर पूर्ण मिनिट.

फेब्रुवारी

चादर काढली. नळीत कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, पार सुटलं होतं. ते नीट करण्यात एक दुपार गेली, आणि ती दुपार फार सुखाची होती.

एक गोष्ट मला तेव्हाच उमगली. डॉबचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, कधीच त्रास देत नव्हता. डॉबची नळी न्यूटोनियन, म्हणजे बाजूनं आत बघायची; ती सरळ खमध्याकडे रोखली तर आयपीस आडवा येतो आणि डोकं सरळ राहतं. त्रास देत होता तो फाइंडर. मग रेड डॉट काढून काटकोनी फाइंडर बसवला, ज्यात वरून खाली बघायचं असतं. आणि नळीवर लोहचुंबकाचा डिजिटल कोनमापक चिकटवला. मोबाइलवरच्या आकाशनकाशात ताऱ्याची उंची बघायची, नळी तेवढ्या अंशांवर आणायची, मग डावी-उजवीकडे सावकाश फिरवायची. मान वर न करता तारा फाइंडरमध्ये येतो. जुन्या मंडळींना हे फसवणूक केल्यासारखं वाटेल. मलाही आधी वाटलं. पण ज्याला आकाश परत हवंय त्यानं यात संकोच करू नये.

बाकी व्यवस्था थोडक्यात: उंची कमी-जास्त होणारी, पाठ असलेली खुर्ची, दुर्बिणीच्या बैठकीभोवती चमकणारी पट्टी, जमिनीलगत मंद लाल दिवा. उभ्यानं निरीक्षण पूर्ण बंद.

पहिली रात्र मृगाची. तो डोक्याजवळ असताना बाहेर गेलेच नाही. अकरा वाजून गेल्यावर, तो पश्चिमेला बराच कलल्यावर गेले. मृगातला तेजोमेघ, एम ४२, खाली असल्यामुळे थरथरत होता, तरी मधला चार ताऱ्यांचा चौकोन दिसला. वीस मिनिटं बसले. वहीत लिहिलं, "एम ४२. गरगर नाही. हात कापत होते."

तिथून पुढे माझी पद्धत ठरली. जे डोक्यावर जाणार ते काही तास आधी पूर्वेला खाली असतं, काही तासांनी पश्चिमेला खाली. आकाश तासाला १५ अंश सरकतं. मी मान वर नेण्याऐवजी तारा माझ्या उंचीवर येण्याची वाट बघायची.

मार्च

एका सकाळी कपडे वाळत घालताना पुन्हा फिरलं. छोटंसं, दहा सेकंदांचं. दोरीखालीच बसून रडले. डॉक्टर म्हणाले, हा आजार पुन्हा उद्भवू शकतो आणि पुन्हा बराही होतो. परत एपली, परत आठवडाभर अंगठा आणि नख. या वेळी दुर्बिणीवर चादर टाकली नाही.

एप्रिल

ज्या रात्रीसाठी एवढं लिहिलं ती ही. वाट बघण्याची पद्धत उलटी वापरायची असं ठरवलं होतं. एकच तारा धरायचा आणि तो उगवून डोक्यावर येईपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. तासाला १५ अंश म्हणजे चार मिनिटांना एक अंश. याहून हळू व्यायाम कुणी देणार नाही.

तारा अर्थात अभिजित. त्याच्या शेजारीच एप्सिलॉन लायरी आहे, जोडीतली जोडी. फाइंडरमध्ये दोन तारे सहज वेगळे दिसतात, आणि मोठ्या वर्धनात त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन. ती आतली अंतरं सुमारे सव्वादोन-अडीच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहेत, त्यामुळे हवा शांत लागते.

साडेबाराला अभिजित ईशान्येला उंबरठ्याबाहेर आल्यासारखा दिसत होता. ६ मिमीचा आयपीस, २०० पट वर्धन. दोन्ही तारे उकळत्या पाण्यातून बघावं तसे, वेगळं काही होईना. नोंद केली. दर अर्ध्या तासानं आयपीस सोडून मी नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघायचे, खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून, दहा आकडे मोजेपर्यंत. दोनच्या सुमाराला तारे लांबट झाले. तीनला एका जोडीत फट पडल्यासारखी वाटली, पण मी वहीत प्रश्नचिन्ह टाकलं. ताई चहा घेऊन आली आणि विचारलं, "मान कशी आहे गं?" तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ मी मानेचा विचारच केला नव्हता.

साडेचारला अभिजित जवळपास डोक्यावर होता. खुर्चीवरून डोकं मागे टाकलं, पूर्ण. छातीत धस्स झालं. दहा आकडे मोजले, मग वीस. हंस तारकासमूह पंख पसरून पूर्वेला होता, सगळं आपापल्या जागी. मग डोकं सरळ केलं आणि आडव्या आयपीसला डोळा लावला.

चार तारे. दोन-दोनच्या जोड्या, एक उभी धरली तर दुसरी आडवी, मधे काळीभोर स्वच्छ फट. वहीत वेळ लिहिली, ४ वाजून ४१ मिनिटं, आणि मार्चमधल्या पानावरून तिथवर एक बाण काढला. पुढची नोंद देवयानीची असेल, ती डोक्यावर असतानाची.