तलावपाळीचा भूतकाळ

मुरलेल्या ठाणेकराशी पाच मिनिटं बोला, भूतकाळ सुरू होतो. आणि तोही एका विशिष्ट प्रकारचा. "नौपाड्यात वाडे असायचे. तलावपाळीला संध्याकाळी सगळे भेटायचे. घोडबंदर रोडला अंधार पडल्यावर कोण जायचं हो?" हे नेमकं कधी सुरू झालं, कधी बंद पडलं, असं मधेच विचारू नये. बोलणाऱ्याचा हिरमोड होतो.

स्पॅनिश शिकायला लागले आणि कळलं, तिकडे या असायचं-जायचंसाठी आख्खा काळ राखून ठेवलाय. नाव इम्पेर्फेक्तो. अपूर्ण म्हणून बदनाम, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत गुणी. 'आर'ने संपणारी क्रियापदं 'आबा' लावून घेतात: कामिनार म्हणजे चालणे, त्याचं कामिनाबा, कामिनाबास, कामिनाबामोस. 'एर' आणि 'इर'वाली 'ईआ'वर भागवतात: कोमेर म्हणजे खाणे, त्याचं कोमीआ. बिबिर म्हणजे राहणे, त्याचं बिबीआ. वाकड्यात शिरणारी क्रियापदं सगळ्या भाषेत मिळून 3: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (बघणे). तेनेर (जवळ असणे), केरेर (हवं असणे) ही मंडळी वर्तमानकाळात जीव खातात, या काळात आली की गरीब गाय.

एक कामिनाबा आपल्या मराठीतल्या दोन रूपांचं काम करतं. 'मी तळ्याकाठी फिरायचे' तेही कामिनाबा आणि 'मी फिरत होते, तेवढ्यात पाऊस आला' यातलं फिरणंही कामिनाबाच. पाऊस मात्र दुसऱ्या काळात येतो, कारण तो एकदम आला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, तिथेही तो दुसरा काळ: येगो, पोचली, विषय संपला. पण तेव्हा ऊन किती होतं, किती वाजले होते, बघे कुठे उभे होते, हे सगळं इम्पेर्फेक्तोच्या वाट्याला. इतिहासाच्या पुस्तकात गाडी पोचते. मला आपलं बघ्यांचं कुतूहल जास्त.

गोची एकच. कामिनाबा म्हणजे मी चालायचे की ती चालायची, की तो? रूप तेच. संदर्भाने कळलं तर ठीक, नाही तर आधी सर्वनाम जोडायचं. हे विचित्र वाटलं खरं, पण जुनी मराठी आठवली. मी येई, तो येई, ती येई. तिथेही एकाच रूपात सगळे, बाई-पुरुष भेदसुद्धा नाही! आजीच्या गोष्टीतला राजा रोज शिकारीला जाई, राणी वाट पाही. मग आपण 'जायचो, जायची' करत लिंगभेद परत आणला आणि 'जाई'ला गोष्टींच्या पुस्तकात बसवून टाकलं.

पण या काळाचं खरं काम दुकानात. स्पेनमध्ये कॉफी मागताना 'केरीआ उन काफे' म्हणतात, म्हणजे 'एक कॉफी हवी होती'. शब्दशः बघितलं तर मागणं भूतकाळातलं, कॉफी मात्र आत्ता हवी असते. अदब म्हणून क्रियापद एक पाऊल मागे घ्यायचं. यात मला शिकण्यासारखं काहीच नव्हतं. राम मारुती रोडवर कुठल्याही दुकानात जाऊन उभे राहा. "जरा फिक्या रंगात हवी होती." बँकेत काउंटरवर, "पासबुक भरून घ्यायचं होतं." सोसायटीच्या सेक्रेटरींना, "काका, थोडं बोलायचं होतं," आणि काकांच्या चेहऱ्यावर तिथेच आठी, कारण हा काळ पुढे पार्किंगवर जाणार हे त्यांना पाठ. थेट 'हवी आहे' म्हणणारा माणूस जरा अंगावर आल्यासारखा वाटतो, 'पाहिजे'वाला तर जास्तच.

दुकानदारही काही कमी नसतात. परवा गोखले रोडला विचारलं, "भाजणी हवी होती, उपासाची."

"होती की," ते म्हणाले. "आत्ताच संपली."

'होती' इम्पेर्फेक्तो. 'संपली' नाही.